कोटा राष्ट्राचा, मग भार कोणाचा?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर प्रथमच महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभले. सत्कार झाले, पारितोषिके जाहीर झाली. मात्र तो तेथवर पोहोचला कसा, हा प्रश्न हारतुऱ्यांखाली दबून गेला.

२०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन स्वप्नीलने भारतासाठी ऑलिम्पिकचा कोटा जिंकला. नेमबाजीत कोटा खेळाडूच्या नव्हे, देशाच्या नावे जमा होतो; प्रत्यक्ष कोण जाणार, हे नंतरच्या निवड चाचण्या ठरवितात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने त्याच कैरोत १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद आणि कोटा मिळविला. पण २०२४ च्या चाचण्यांत तो मागे पडला आणि पॅरिसला दुसरे गेले. यावर हळहळ व्यक्त झाली. हळहळ स्वाभाविक आहे, आक्षेप मात्र चुकीचा. व्यक्तीने मिळवावे आणि राष्ट्राला अर्पण करावे, हीच या भूमीची शिकवण आहे.

पण मग फळ राष्ट्राचे आणि भार एकट्या कुटुंबाचा, हा कोठला न्याय? बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीच्या एखाद्या मुलाची नजर स्थिर आहे, हात कापत नाही. त्याच्यापुढे राज्य स्पर्धा, मावळंकर स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा आणि निवड चाचण्या अशी शिडी आहे. पायरीगणिक किमान गुणांची अट आहे. ती असलीच पाहिजे. परंतु ते गुण मिळविण्यास रायफल, जॅकेट, हजारो गोळ्या आणि जाणता मार्गदर्शक लागतो. 'गुणवत्ता असेल तर तो वर येईलच,' असे सांगणाऱ्यांनी हा खर्च शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहावा. स्वप्नीललाही २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने हात दिला, पुढे रेल्वेच्या नोकरीने आधार दिला.

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन करणारे दादासाहेब मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. नेमबाजी त्यांना मूठभर श्रीमंतांची करमणूक वाटली नव्हती. दहा मीटरची एअर रायफल रेंज एका सभागृहात मावते. तालुक्याला अशी एक रेंज शासनाला आणि समाजाला मिळून उभारता येणार नाही काय? जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या जिल्ह्यात लक्ष्यवेधी मुलांची वाण नसावी. वाण आहे ती त्यांच्यासाठी वेळीच खिशात हात घालणाऱ्या समाजाची.