दहा लाख मैलांचं इंजिन आणि बाकीचा ट्रक

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत हल्ली एका ज्ञानाची साथ आली आहे. कुणी जेवणाच्या पंगतीत सहज म्हणावं, की यंदा कॅम्पर घ्यायचा विचार आहे, त्याला ओढायला काहीतरी गाडी बघतोय; की समोरचे एक गृहस्थ हातातली वाटी खाली ठेवून सरसावतात. "मग जुना डिझेल पिकअपच घ्या. डिझेल इंजिन दहा लाख मैल चालतं. दोन लाख झालेला ट्रक म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेला. रोज ऑफिसला तोच, सुट्टीत कॅम्परला तोच. मायलेज जास्त, विकताना भाव येतो, आणि ते पर्यावरणाचं लचांड आधीच्या मालकाने काढून टाकलेलं असलं तर सोन्याहून पिवळं." झालं. युक्तिवाद एवढाच. ऐकणारा बिचारा त्याच रात्री जाहिराती चाळायला बसतो.

हे सांगणारे गृहस्थ गावोगाव वेगळे असले तरी वाक्यं तीच, क्रमही तोच, म्हणून मी त्यांना सोयीसाठी डिझेलपंत म्हणतो. पंतांच्या स्वतःच्या दारात बहुधा एखादी हायब्रिड गाडी उभी असते, हा तपशील जाता जाता नोंदवून ठेवतो.

पंतांचा हुकमी एक्का म्हणजे ते दहा लाख मैल. आकडा अगदीच हवेतला नाही. लांब पल्ल्याचे अठराचाकी ट्रक तेवढे चालतात. पण ते दिवसचे दिवस एका वेगाने, इंजिन पुरतं तापलेलं असताना धावतात. त्यांच्या तेल-फिल्टरचं वेळापत्रक मालक डोळ्यांत तेल घालून सांभाळतो, आणि मध्ये केव्हातरी त्यांची इंजिनं उघडून नवी केली जातात. पिकअपचं इंजिन त्याच भावकीतलं म्हणून त्याचा संसारही तसाच होईल, असं समजणं म्हणजे आडनावावरून पगार ठरवणं झालं.

तरीही वादापुरतं इंजिन अमर आहे असं मान्य करू. आत्मा अमर आहे हे गीतेनेही सांगितलं आहे. देह जीर्ण होतात हेही तिथेच सांगितलं आहे. पंत पहिल्या निम्म्यावर थांबतात. विकत घेणाऱ्याला मात्र देह घ्यावा लागतो: गिअरबॉक्स, पुढचा अ‍ॅक्सल, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, आणि मुख्य म्हणजे इंजिनाला इंधन पुरवणारा पंप.

पंतांचं लाडकं उदाहरण घ्या. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन १९८९ साली डॉजच्या पिकअपमध्ये आलं. मूळ घराणं शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांचं, त्यामुळे हाडापेराने मजबूत. १९९८ च्या मध्यापर्यंतचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन यांत्रिक पंपावर चालायचं, आणि त्याच्याबद्दल पंत जे बोलतात त्यातलं बरंचसं खरं आहे. पण त्या काळच्या डॉजचा डॅशबोर्ड उन्हाने तडकून तुकड्यातुकड्यांनी हातात येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या इंजिनाच्या ताकदीपुढे सुरुवातीपासूनच तोकडा होता. पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे झिजले की स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. शिवाय ट्रक ओहायो-मिशिगनकडचा असेल तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चॅसिसचं काय केलं आहे, ते खाली आडवं होऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. तीस वर्षांच्या या सांगाड्यात बसून रोज ऑफिसला जायचं, आणि का, तर म्हणे ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे!

बरं, थोडा नवा घेऊ. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत त्याच कमिन्सवर व्हीपी ४४ नावाचा इलेक्ट्रॉनिक पंप आला. या पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही मिळतं ते त्यातून वाहणाऱ्या डिझेलमधूनच. टाकीकडून त्याला डिझेल ढकलणारा छोटा लिफ्ट पंप मुळातच अशक्त. तो गुपचूप मंदावतो, चालवणाऱ्याला काही जाणवत नाही, आणि महागडा मोठा पंप उपासमारीने मरतो. याच काळातले काही ब्लॉक, ज्यांच्यावर ५३ हा आकडा ओतलेला आहे, बाजूने तडकून पाणी गाळण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. अमर इंजिनाच्या अमर ब्लॉकची ही गोष्ट.

मग फोर्ड? ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक, १९९४ ते २००३. चांगलं इंजिन, यात वाद नाही. एका किरकोळ सेन्सरपायी चालता चालता बंद पडायची त्याला खोड आहे, पण ती स्वस्तात निघते. अडचण एवढीच, की त्यातला सगळ्यात तरुण ट्रकही आज वीस वर्षांच्या पुढे आहे. म्हणून नवखा माणूस जाहिरातीत थोडा खाली सरकतो आणि त्याला दिसतो तोच ट्रक, तसाच रुबाबदार, २००३ ते २००७ मधला, भाव मात्र बराच कमी. हे ६ लिटरचं इंजिन. यात तेल थंड करणारा कूलर आतून चोंदतो. त्यातून पुढे जाणारं कूलंट कमी पडतं. मग धुराचा कूलर तापून फुटतो. आणि सरतेशेवटी हेड गास्केट जातं, कारण प्रत्येक सिलिंडरभोवती हेड दाबून धरणारे बोल्ट चारच आहेत. हे सगळं नीट करायला बरेच मेकॅनिक ट्रकची अख्खी केबिन चॅसिसवरून उचलून बाजूला ठेवतात. केबिन हवेत लटकलेली पाहताना मालकाला जे वाटतं ते पंतांना कधी वाटलेलं नाही. त्यानंतरच्या ६.४ लिटरबद्दल, २००८ ते २०१०, एवढंच सांगतो की त्याच्या तेलात डिझेल मिसळत राहतं. पुढचं सांगायची गरज नाही.

जीएमकडे वळलं तर २००१ ते २००४ च्या पहिल्या ड्युरामॅक्स इंजिनाचे आठ इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत दडलेले. ते गळायचे, आणि काढायचे तर मजुरीच इतकी, की एकाऐवजी आठही बदलून घ्यावे लागायचे.

आणि आता खरा मासला. २०११ पासून फोर्डने, आणि २०११ ते २०१६ जीएमने, बॉशचा सीपी ४ जातीचा पंप वापरला. आधीच्या सीपी ३ मध्ये तीन पिस्टन होते, यात दोन. हाही डिझेलच्याच वंगणावर जगतो, आणि अमेरिकेतल्या डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण २००६ पासून दहा लाख भागांत ५०० वरून १५ वर आणलेलं. गंधक काढताना डिझेलचा बुळबुळीतपणाही जातो. तो परत यावा म्हणून वेगळी द्रव्यं मिसळावी लागतात. डिझेलमध्ये थोडं पाणी किंवा हवा शिरली, की पंपाच्या आतले भाग एकमेकांवर घासून लोखंडाचा कीस पडतो. तो कीस पंपात थांबला असता तर मी हा परिच्छेद लिहिला नसता. तो पुढे इंजेक्टरांना डिझेल वाटणाऱ्या रेलमध्ये, प्रत्येक इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीने टाकीत पोचतो. दुरुस्ती म्हणजे अख्खी इंधनव्यवस्था बदलणं, आणि बिल दहा हजार डॉलरच्या आसपास. हाच पंप रॅमने, म्हणजे पूर्वीच्या डॉजने, २०१९ आणि २०२० च्या कमिन्सवर लावला, मग ट्रक परत बोलावून मुकाट्याने सीपी ३ कडे माघार घेतली. इंजिनाचा क्रँकशाफ्ट या सगळ्यात अगदी ठणठणीत राहतो. पंत म्हणतील, बघा, इंजिनाला काही झालं नाही!

म्हणजे "डिझेल घ्या" हा सल्लाच होत नाही. कोणत्या वर्षाचं, कोणत्या पंपाचं, कोणाच्या हातून आलेलं, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि पंतांना मी यातलं एकही विचारताना ऐकलेलं नाही.

हा डिझेलचा लोभ आपण देशातून सामानात भरून आणलेला आहे, असा माझा जुना संशय आहे. भारतात २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत असे, पेट्रोल त्याहून बरंच महाग, आणि घराघरात हिशेब पक्का झाला होता की शहाणा माणूस डिझेल घेतो. त्या हिशेबावर मी पुण्यात असताना पुष्कळ भांडलो आहे; महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेल गाडीचे वरचे लाखभर रुपये भरून काय वाचवलं, हे मला आजतागायत कोणी वहीत मांडून दाखवलेलं नाही.    सांगायचं ते हे, की इथे अमेरिकेत डिझेल पेट्रोलपेक्षा सहसा महाग असतं. समजा पेट्रोलचा ट्रक गॅलनला १५ मैल देतो आणि डिझेलचा १८, तर फायदा २० टक्क्यांचा. डिझेल २० टक्क्यांनी महाग असलं की तो पंपावरच संपला. दोन बॅटऱ्या, महागडे इंधन फिल्टर आणि एका वेळी दहा-पंधरा क्वार्ट तेल, हा खर्च पुढे आहेच.

आता "रोज ऑफिसला तोच". २००७ पासूनच्या डिझेल पिकअपच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जळून जायला धूर सहाशे सेल्सियसच्या आसपास तापावा लागतो, त्यासाठी हायवेवर चांगला अर्धा-पाऊण तास हवा. घर ते ऑफिस आठ मैल, वाटेत बारा सिग्नल, असा ज्याचा दिवस आहे त्याची गाळणी कधीच पुरती जळत नाही. जाळायची प्रक्रिया सुरू होते, तोवर ऑफिस येतं, साहेब किल्ली फिरवून निघून जातात. काही इंजिनांत त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. म्हणजे ओझं ओढण्यासाठी बनवलेलं यंत्र ओझ्याविना खराब होतं. रोजच्या किरकोळ फेऱ्यांना याहून वाईट निवड शोधावी लागेल.

गाळणीच काढून टाकलेला ट्रक घ्या, हा पंतांचा त्यावरचा उतारा. केंद्राच्या स्वच्छ हवा कायद्याखाली गाळणी काढणं बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात १९९८ पासूनच्या डिझेल पिकअपलाही धुराची तपासणी द्यावी लागते. मुलांना पर्यावरणावर निबंध लिहायला लावणाऱ्यांनी हा सल्ला द्यावा, यावर मी अधिक बोलत नाही.

ओझ्याचं एक गणित मात्र सांगायलाच हवं, कारण ते इंजिनाच्या नावात नसून चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. डिझेल इंजिन स्वतःच हजार पौंडांच्या आसपास, म्हणून पाऊण टनी म्हणवणाऱ्या, चार दारांच्या डिझेल ट्रकवर माणसं आणि सामान मिळून दोन हजार पौंडांच्या थोडंच वर लादता येतं असं पुष्कळदा आढळतं. बारा हजार पौंडांचा फिफ्थ व्हील कॅम्पर त्यातले चोवीसशे ते तीन हजार पौंड ट्रकच्या पाठीवर टाकतो. कुटुंब अजून बसायचं आहे. ताकद उरते, वजनाची मुभा संपते.

मग करावं काय? माझं म्हणणं फार मोठं नाही. ज्याचा कॅम्पर सहा-सात हजार पौंडांच्या आत आहे आणि जो वर्षातून मोजक्या वेळा तो बाहेर काढतो, त्याने पेट्रोलचा अर्धा टनी पिकअप घ्यावा, टर्बोचा किंवा व्ही ८, हिशेब ठेवलेल्या मालकाकडून.

डिझेल घ्यायला खरं कारण एकच: दहा हजार पौंडांच्या वरचं ओझं, वारंवार, तेही डोंगरात. डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर लागतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पोचेस्तोवर जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला. टर्बो डिझेल तिथेही चढतं, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक असेल तर चाकांचे ब्रेक न जाळता उतरतं. हे सुख खरं आहे आणि ते पेट्रोलच्या ट्रकात याच प्रमाणात मिळत नाही.

अशा माणसाने २००६-०७ चा ड्युरामॅक्स सहा गिअरच्या अ‍ॅलिसन गिअरबॉक्ससह, २००३ ते २००७ चा ५.९ कमिन्स इंजेक्टर तपासून, किंवा खिसा परवानगी देत असेल तर २०१७ नंतरचा ड्युरामॅक्स बघावा, ज्यात सीपी ४ नाही. बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका; थंड असताना ते कसं उठतं ते पाहायचं आहे. मैलांबरोबर इंजिनाचे तास विचारा. मैलांना तासांनी भागल्यावर पंचवीसच्या खाली आकडा आला, तर तो ट्रक बराच काळ जागेवर धडधडत उभा होता. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. आणि डिझेलच दुरुस्त करणारा मेकॅनिक पैसे देऊन सोबत न्या. विकणारा याला नाही म्हणाला, तर तिथून निघा.

रोजचं ऑफिस आठ मैलांवर असेल, तर यातलं काहीही करू नका, पेट्रोल घ्या.