टपालखर्च वेगळा!

जुन्या मराठी मासिकांत पुस्तकांच्या जाहिराती असायच्या. आमच्या आजोबांच्या कपाटात असे अंक अजून आहेत. आधी किंमत, मग सवलतीची किंमत आणि शेवटी बारीक अक्षरांत दोन शब्द... ‘टपालखर्च वेगळा’. पण गंमत अशी की बऱ्याच जाहिरातींत त्याच्या पुढे आकडाही असतो. असणारच! लोक पैसे मनीऑर्डरने पाठवायचे. किती रुपयांची मनीऑर्डर करायची हे आधी कळल्याशिवाय पुस्तक मागवणार कसं?

आता सेमिस्टर संपताना आपल्या हॉस्टेलचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. ‘एम-थ्रीचं पुस्तक, फक्त ९९ रुपये!! शिपिंग एक्स्ट्रा.’ किती एक्स्ट्रा? ते ‘डीएम’ केल्यावर कळेल. ड्राफ्टर, एप्रन, कॅल्क्युलेटर, आर्डुइनोचं किट, सगळं असंच विकलं जातं. आणि हा व्यवहार आता बी ब्लॉकमधून सी ब्लॉकमध्ये होत नाही, तो नांदेड, जळगाव, गडचिरोलीपर्यंत जातो. कुणी राख्या विकतंय, कुणी क्रोशाची की-चेन, कुणी आकाशकंदील. चांगलंच आहे. पण मित्रमैत्रिणींनो, या ‘एक्स्ट्रा’चा एकदा हिशेब व्हायला हवा असं मला वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. टपाल आणि पॅकिंग हा खर्च आहे, कमाई नाही. ज्याला कमाई हवी त्याने ती वस्तूच्या किमतीत उजळ माथ्याने लावावी. तिथे गिऱ्हाईक तुलना करू शकतं, घासाघीस करू शकतं. टपालखर्चात घासाघीस करता येत नाही, कारण समोरच्याला वाटतं की हे पैसे पोस्टाला जाणार आहेत. हा विश्वास आहे आणि त्याचाच फायदा घेतला जातो.

हा फंडा काही आपल्या हॉस्टेलने शोधलेला नाही. ईबे या लिलावाच्या साइटवर हे वर्षानुवर्षं चालायचं. (आपल्याकडची बाझी डॉट कॉम २००४ मध्ये याच ईबेने विकत घेतली होती. पुढे २०१८ मध्ये त्यांचं भारतातलं दुकान बंद झालं.) तिथे साइटचं कमिशन वस्तूच्या किमतीवर लागायचं, टपालावर नाही. मग काय! वस्तू एका सेंटला आणि टपाल भरमसाट. कमिशनही वाचलं आणि ‘स्वस्त’ म्हणून यादीत वरही आलो. आवळा देऊन कोहळा काढायचा, दुसरं काय? शेवटी २००७ मध्ये ईबेने विकणाऱ्याला जे तारे द्यायचे असतात त्यांत ‘टपाल व हाताळणीचा आकार’ यासाठी वेगळे तारे ठेवले. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून २०११ मध्ये अमेरिकेत टपालाच्या रकमेवरही कमिशन लावलं.

लोक फसतात का? फसतात, आणि ते मोजलेलंही आहे. तंजिम होसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम लिलावाला लावून एक प्रयोग केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच वस्तू दोन प्रकारे लावायची. एकीकडे बोली ४ डॉलरपासून सुरू आणि टपाल फुकट. दुसरीकडे बोली १ सेंटपासून सुरू आणि टपाल ३.९९ डॉलर. गणिताने दोन्ही अगदी सारखंच. तरी दुसऱ्या प्रकारात टपाल धरून सरासरीने जास्त पैसे मिळाले! म्हणजे माणसाचा डोळा पहिल्या आकड्यावर असतो, दुसरा आकडा तो नीट धरतच नाही. पण सीडीच्या दुकानातल्या किमतीच्या मानाने ही सुरुवातीची एकूण रक्कम मोठी झाली, तेव्हा मात्र हा फायदा उरला नाही. कुठेतरी गिऱ्हाईकही जागं होतं.

आमच्या मजल्यावर एक मुलगी आहे, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. डी.एस.वाय.वाल्यांचे प्रवेश उशिरा होतात, तोवर लायब्ररीतली पुस्तकं गेलेली असतात, आणि मागच्या महिनाभराचा अभ्यास बोकांडी बसलेला असतो. तिने दुसऱ्या कॉलेजच्या एका सीनिअरकडून पुस्तक मागवलं. पुस्तक १२० रुपये, शिपिंग १८०. एकूण ३००. पार्सल आलं ते नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, एक कोपरा फाटलेला. आणि लेबलवर पोस्टाने घेतलेली रक्कम छापलेली, पन्नासच्याही आतली. तिने विचारलं तर उत्तर आलं, ‘पॅकिंग अँड हँडलिंग’. वर्तमानपत्राच्या दोन पानांचं हँडलिंग १३० रुपयांच्या वर! तिचे वडील महिन्याला मोजून पैसे पाठवतात. तिने पुढचे दोन रविवार बाहेरचं जेवण बंद केलं आणि विषय संपवला. मला राग आला तो १३० रुपयांचा नाही. तिला पुस्तकाची गरज आहे, तिच्या तालुक्याला तसलं दुकान नाही, ती नाही म्हणणार नाही, हे त्या सीनिअरला पक्कं माहीत होतं, त्याचा आला.

पण दुसरी बाजूही बघा. घेणारे काही कमी नसतात! ‘पोस्टाला ४० लागले, मग ६० का घेतले?’ म्हणून भांडणारे चिंधी लोकही मी पाहिलेत. अरे बाबा, खोका आकाशातून पडतो का? ब्राऊन टेपचा रोल समजा ५० रुपयांचा, त्यात दहाएक पार्सलं होतात, म्हणजे पार्सलमागे ५. बबल रॅप १०. खोका विकत घेतला तर १५-२०. झाले की ३०-३५ रुपये! (मी आकडे मनात इंग्रजीतच मोजते, कॉन्व्हेंटची देणगी. बेरीज तीच येते, काळजी नसावी.) हे पैसे मागणं बिलकुल गैर नाही. कॅल्क्युलेटर बबल रॅपशिवाय पाठवून त्याचा डिस्प्ले फुटण्यापेक्षा ३० रुपये परवडले. फक्त एक लक्षात ठेवा, पॅकिंगचे पैसे घेतले की पॅकिंगची जबाबदारीही घेतली. पैसे खोक्याचे आणि वस्तू मेसच्या पिशवीत, हे चालणार नाही.

रिक्षाचं काय? पोस्टापर्यंत जायला ३० रुपये लागले तर ते घ्या, पण पाच पार्सलं एकदम नेलीत तर ३० भागिले ५ करा. पाच जणांकडून प्रत्येकी ३० घेणारे महाभाग आपल्यातच आहेत. आणि वेळेचे पैसे? जुनं पुस्तक विकणाऱ्याने वेळेचे पैसे लावू नयेत असं माझं मत आहे, तसंही ते पुस्तक पडूनच होतं. क्रोशाची की-चेन करणाऱ्या मैत्रिणीने जरूर लावावेत, तो तिचा धंदा आहे. पण ते की-चेनच्या किमतीत लावावेत.

आता आपला, म्हणजे इंजिनिअरांचा, आवडता भाग. फॉर्म्युला! कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले बहुतेक ठिकाणी ५०००. येईल ते ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन, किलोत. काट्यावरचं वजन आणि हे वजन, दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे. एक आकाशकंदील घ्या. वजन जेमतेम अर्धा किलो. तयार करून ३० बाय ३० बाय ४० च्या खोक्यात घातला तर ३६,००० भागिले ५००० म्हणजे ७.२ किलो! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तोच कंदील घडीचा केला, ४० बाय ३० बाय ४ च्या पाकिटात बसवला, तर ०.९६ किलो. म्हणजे गिऱ्हाइकाचं टपाल कमी करायची खरी जागा डिझाइनमध्ये आहे. ज्यांनी तयार कंदील पाठवून ‘शिपिंगच एवढं लागतं, मी काय करू’ म्हटलं, ते खोटं बोलत नव्हते. पण त्यांनी डोकंही लावलं नव्हतं.

पुस्तकांच्या बाबतीत तर माहिती नसणं हीच मोठी अडचण आहे. पोस्टाने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. अभ्यासाची, सांस्कृतिक, सामाजिक, धार्मिक पुस्तकं त्यातून जातात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, कर वेगळा. ५ किलो म्हणजे अख्ख्या सेमिस्टरची पुस्तकं! ट्रॅकिंगही मिळतं. फक्त ते रस्त्याने-रेल्वेने जातं, त्यामुळे परीक्षा आठवड्यावर आली असेल तर उपयोग नाही. सबमिशनची कागदपत्रं, जर्नलची पानं असलं काही पाठवायचं तर स्पीड पोस्ट आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ आणि बाहेर ४७ रुपये, कर वेगळा. विद्यार्थ्यांना त्यात १० टक्के सूट जाहीर झालेली आहे, हे किती जणांना माहीत आहे? ५ रुपये जास्त दिले तर ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हातात देतात. ‘मला मिळालंच नाही’ या वादाला ५ रुपयांत औषध!

कुणी म्हणेल, एवढं कशाला, सरसकट ८० रुपये ठेवा नाहीतर ‘फ्री डिलिव्हरी’ करा. फ्री काही नसतं हो. चाळीस रुपये डिलिव्हरी वाचवण्यासाठी नको असलेले मोजे कार्टमध्ये टाकणारे आपणच! सरसकट दराला मात्र माझा विरोध नाही. पोस्टकार्ड नाही का, पुण्याला काय आणि गडचिरोलीला काय, एकाच किमतीत जातं. हलक्या वस्तूंना तसं ठेवलं तर लांबच्या मुलाला त्याच्या गावाची शिक्षा होत नाही. अट एकच, तो दर खऱ्या खर्चाची सरासरी असावा. सगळ्यांत लांबच्या पार्सलचा दर सगळ्यांना लावणं म्हणजे सरसकट नाही, ती सरसकट लूट.

कायद्याचंही थोडं सांगते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि तिची फोडही द्यायची. डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर, सगळ्याची. किंमत अशी थेंबाथेंबाने वाढवत नेण्याला २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘ड्रिप प्रायसिंग’ असं नावच दिलेलं आहे. स्वतःचं एखादं जुनं पुस्तक विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, टेन्शन घेऊ नका. पण इन्स्टाग्रामवर नियमित दुकान चालवणाऱ्यांनी ते एकदा वाचावेत.

स्टाफलाही एक विनंती. मेन गेटच्या केबिनमागे रोज रिकाम्या खोक्यांचा ढीग पडतो आणि तो रद्दीत जातो. ते खोके कॉमन रूममध्ये एका कोपऱ्यात ठेवू दिले आणि सोबत एक साधा वजनकाटा असला, तर निम्म्या भांडणांचं कारणच जाईल. पार्सल आधी मोजायचं आणि मगच दर सांगायचा. (जुना खोका वापरताना त्यावरचे बारकोड मार्करने काळे करा, नाहीतर ते स्कॅन होऊन पार्सल भलतीकडे जायचं.) अंदाज चुकून टपालाचे २० रुपये उरले तर परत पाठवा. पूर्वी एवढीशी रक्कम परत करायची तर मनीऑर्डरचं कमिशन भरावं लागायचं, आता यूपीआयने दोन सेकंदांचं काम आहे. दहाच्या पटीत वर ओढून घेतलंत तर कुणी काही म्हणणार नाही.

राहिलं परतीचं टपाल. चुकीची आवृत्ती पाठवली, पानं गहाळ निघाली, तर जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही विकणाऱ्याने भरावं. घेणाऱ्याचं मन बदललं तर त्याने भरावं. यावर वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

माझं स्वतःचं एम-थ्रीचं पुस्तक विकायचं आहेच, तर जाहिरात इथेच देते. ‘वापरलेलं, दोन पानांवर चहाचे डाग, पेन्सिलीच्या खुणा भरपूर. पुस्तक १५० रु., ज्ञान पोस्टने ४५ रु.पर्यंत, पॅकिंग १५ रु. एकूण २१० रु. पोस्टाच्या पावतीचा फोटो पाठवीन, उरले तर परत. गर्ल्स हॉस्टेलच्या गेटवरून हातोहात नेलंत तर १५० रु. फक्त.’