पान १२ आणि पान ४१

परवा ऑफिसात नव्याने आलेली एक मुलगी रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट घेऊन आली. (आमच्या धंद्याबाहेरच्यांसाठी: सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं, याची गिऱ्हाइकाशी बोलून केलेली यादी.) म्हणाली, "सर, ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक काढून टाकू?"

"थांब!" मी जवळजवळ ओरडलोच. बिचारी दचकली.

कारण असं एक वाक्य मीही एकदा काढलं होतं. एका पतसंस्थेचं काम होतं. पान १२ वर लिहिलं होतं, एकदा सेव्ह झालेली पावती कुणालाही बदलता येऊ नये. पान ४१ वर, चुकलेली पावती दुरुस्त करता यावी. पहिली मागणी हिशेब तपासणाऱ्यांची, दुसरी काउंटरवरच्या माणसांची. डेडलाइन डोक्यावर. मी आपला पान ४१ वरचं वाक्य उडवून मोकळा झालो. रिव्ह्यूत कुणी हूं की चूं केलं नाही.

दोन महिन्यांनी कळलं. कॅशियर बाईंनी ५०० ची पावती चुकून ५००० ची केली होती. दुरुस्तीची सोयच नाही. संध्याकाळी रोकड जुळेना, म्हणून त्यांनी पदरचे ४५०० रुपये भरले. माझ्या एका डिलीटची किंमत!

गंमत म्हणजे या भांडणाचं उत्तर हिशेबाच्या वह्यांत कधीपासूनच आहे. चुकलेली नोंद खोडायची नाही. तिची उलट नोंद करायची आणि मग बरोबर रक्कम लिहायची. म्हणजे दोन्ही पानं खरी होती! कुठल्याही जुन्या हिशेबनिसाने दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

डॉक्युमेंट सुसंगत हवं, हे आयईईईच्या १९९८ च्या ८३० क्रमांकाच्या मानकात होतं, २०११ साली त्याच्या जागी आलेल्या २९१४८ मध्येही आहे. बरोबरच आहे ते. पण रॉबर्ट बाल्झर यांनी १९९१ सालीच 'टॉलरेटिंग इनकन्सिस्टन्सी' या निबंधात मांडलं होतं की विसंगत माहितीवर खूण करून ठेवावी आणि बाकीचं काम चालू द्यावं. मला हे फार पटतं. विसंगती दिसली की बहुतेक वेळा तिच्यामागे दोन माणसं असतात, आणि दोघांचीही गरज खरी असते. त्यातलं कोण हरणार हे प्रोग्रामरने गुपचूप ठरवायचं नाही.

म्हणून आता माझा नियम साधा आहे. दोन्ही वाक्यं ठेवायची. प्रत्येकापुढे कुणी मागितलं आणि का, ते लिहायचं. दोघांना समोरासमोर बसवायचं. तोवर तेवढा भाग बांधायचा नाही. क्लायंट वैतागतो, मान्य. पण नंतर वैतागण्यापेक्षा आधी वैतागलेला बरा.

असो. त्या मुलीने दोन्ही वाक्यं ठेवली, आणि लगेच फोन उचलला.