‘किती आहेत?’ नव्हे, ‘कशी आहेस?’

गेल्या श्रावणातील गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास बाळापुरातील आमचे शेजारी घाबऱ्याघुबऱ्या घरी आले. त्यांची बावीस वर्षांची मुलगी रोज एस.टी.ने अकोल्याला जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेते. चार दिवसांपासून तिच्या पायांवर मोहरीच्या दाण्याएवढे लाल ठिपके उमटत होते. कुठे धक्का लागल्याचे आठवत नसताना दंडावर काळेनिळे डाग दिसत होते, आणि त्या दिवशी सकाळी दात घासताना हिरड्यांतून आलेले रक्त थांबेना. तपासणीच्या कागदावर प्लेटलेटचा आकडा होता ९ हजार. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये तो साधारणतः दीड लाख ते साडेचार लाख असतो. त्याच रात्री तिला अकोल्याच्या एका रुग्णालयात दाखल करण्यात आले.

अशा प्रसंगी कार्यकर्त्याचा हात आपोआप भ्रमणध्वनीकडे जातो. माझाही गेला. ‘रक्ताची तातडीने आवश्यकता’ असा निरोप मी अर्ध्या तासात सर्वत्र पाठवला. दिवस उजाडेपर्यंत पारस, वाडेगाव, पातूर येथून दुचाकीवर आलेले वीस-पंचवीस तरुण रुग्णालयाच्या दाराशी उभे होते. मला मनातून अभिमान वाटला. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी त्या तरुणांना हात जोडले आणि म्हणाले, ‘‘तुमचे मन मोठे आहे. पण या मुलीला तुमच्या रक्ताचा उपयोग नाही. रक्तपेढीत अवश्य द्या, दुसऱ्या कोणाचा जीव वाचेल. हिला जे लागणार आहे, ते एका सकाळी देता येण्यासारखे नाही.’’

ते वाक्य मला त्या दिवशी पुरते उमगले नाही. आज आठ महिन्यांनी ते उमगले आहे, असे वाटते. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

रक्षकच जेव्हा भक्षक होतो

प्लेटलेट म्हणजे रक्तपट्टिका. रक्तवाहिनीला इजा झाली की तेथे धावून जाऊन बांध घालणे हे त्यांचे काम. अस्थिमज्जेत त्या जन्मतात आणि सात ते दहा दिवस जगतात. आपल्या वऱ्हाडात हा शब्द घरोघरी पोहोचला तो डेंग्यूमुळे. त्यामुळे प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, आणि डेंग्यू म्हणजे पपईच्या पानांचा रस, हे समीकरण पक्के झाले आहे. या मुलीसाठीही दुसऱ्याच दिवशी दोन घरांतून पपईचा रस आला. पण तिला ताप नव्हताच. डेंग्यूमध्ये आधी ताप येतो, मग प्लेटलेट उतरतात आणि बहुतेकांच्या बाबतीत आठवड्याभरात आपोआप चढतात. येथे प्रकार निराळा होता.

तिच्या आजाराचे नाव ‘इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया’, संक्षेपाने आयटीपी. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परके समजते. त्यांच्यावर प्रतिपिंडांची खूण केली जाते आणि मुख्यतः प्लीहेत त्या नष्ट होतात. जर्मनीतील वैद्य वेर्लहोफ यांनी १७३५ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले होते. पण कारण कळायला दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. अमेरिकेतील विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने १९५० मध्ये अशा एका रुग्ण स्त्रीचे रक्त स्वतःच्या शरीरात भरून घेतले. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट जवळजवळ शून्यावर आल्या, त्याला झटकाही आला. सुदैवाने काही दिवसांत तो पूर्ववत झाला. दोष प्लेटलेट निर्माण होण्यात नसून रक्तातील कुठल्या तरी घटकाकडून त्यांचा नाश होतो, हे त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून दाखवून दिले.

डॉक्टरांनी तरुणांना परत का पाठवले, याचे उत्तर येथे मिळते. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही हीच प्रतिपिंडे पाहता पाहता नष्ट करतात. म्हणून जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच त्या दिल्या जातात. आकडा वाढावा म्हणून भरलेल्या पिशव्या म्हणजे फुटक्या माठात ओतलेले पाणी होय.

पहिले तीन महिने

वैद्यकशास्त्र या आजाराच्या पहिल्या तीन महिन्यांना ‘नव्याने निदान झालेला’ म्हणते. तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत तो रेंगाळलेला आणि वर्षानंतर दीर्घकालीन मानला जातो. लहान मुलांमध्ये तो बहुधा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. मोठ्यांमध्ये अनेकदा मुक्काम करतो. यासाठी खात्रीची अशी एकच चाचणी नाही. इतर कारणे एकेक करून वगळावी लागतात. कधी कधी तर नळीतील रासायनिक द्रव्यामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र खोटाच कमी आकडा दाखवते. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकातून तो पाहणे अत्यावश्यक असते.

आमच्या शेजारच्या मुलीला स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवड्यांत आकडा ९० हजारांवर गेला. घरात पेढे वाटले गेले. शेगावला जाऊन नवस फेडून झाला. मग गोळ्यांची मात्रा उतरू लागली, तसा आकडाही उतरला : ६० हजार, ४५ हजार, ३४ हजार. घरावर पुन्हा अवकळा पसरली. मधल्या काळात मुलीचा चेहरा सुजून गोल झाला होता, झोप उडाली होती, लहानसहान गोष्टींवरून ती रडत होती. हे सारे त्या गोळ्यांचे परिणाम. तिच्या आईने हताश होऊन गोळ्या एकदम बंद करण्याचे ठरवले होते. वेळीच समजले म्हणून बरे. कारण अनेक आठवडे घेतलेले स्टिरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याविना अचानक थांबवणे स्वतंत्र संकट ओढवते.

डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी आकड्याआधी तिला विचारले, ‘‘नवे ठिपके? नाकातून, हिरड्यांतून रक्त? पाळीच्या वेळी अतिस्राव?’’ उत्तर नकारार्थी आल्यावर ते म्हणाले, ‘‘मग आपण फक्त लक्ष ठेवू.’’ कुटुंबीयांना हा हलगर्जीपणा वाटला. वास्तविक, प्रौढ रुग्णाला रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल आणि आकडा ३० हजार वा त्याहून अधिक असेल, तर औषधांचा मारा करण्यापेक्षा निरीक्षण करावे, असेच अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक सूत्रे सांगतात. स्टिरॉइडही शक्यतो सहा आठवड्यांहून अधिक काळ चालवू नये, असे त्यांत म्हटले आहे. उपचार माणसावर करायचे असतात, तपासणीच्या कागदावर नव्हे. आणि उपाय संपले, असेही नसते. अस्थिमज्जेला अधिक प्लेटलेट निर्माण करण्यास उद्युक्त करणारी औषधे २००८ पासून उपलब्ध आहेत. काहींच्या बाबतीत प्लीहा काढण्याचाही विचार होतो. तातडीच्या प्रसंगी शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च मात्र लाखाच्या पुढे जाऊ शकतो; अशा वेळी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शासकीय योजनेची चौकशी आधी करावी.

झाकली मूठ

शरीराचे हे असे. पण मला अधिक अस्वस्थ केले ते घराबाहेरच्या आणि घरातल्या वागणुकीने. रुग्णालयातून परत येताच मुलीच्या आजीने मला बजावले, ‘‘कोनाले सांगू नोको बाप्पा, पोरीचं लग्न व्हायचं हाय.’’ त्या माउलीचा दोष नाही. आपल्या समाजात मुलीचे दुखणे ही झाकून ठेवायची वस्तू आहे. परंतु या झाकण्यापायी काय घडते? मुलीने नंतर आपल्या आईला सांगितले की, गेल्या वर्षभरापासून तिला पाळीत फार रक्त जात होते. संकोचापोटी ती बोलली नव्हती. म्हणजे शरीर कदाचित कितीतरी महिने आधीपासून इशारा देत होते. आमच्या सोवळ्या मौनाने तो ऐकू येऊ दिला नाही.

आयटीपी संसर्गजन्य नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही. तो साधारणतः आईबापांकडून मुलांकडे जात नाही. हा आजार असलेल्या स्त्रिया विवाह करतात, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांपैकी बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप होतात. मग लपवायचे काय? उलट लपवण्यातच धोका आहे. दाढ काढणाऱ्या दंतवैद्याला, अंगदुखीसाठी कमरेत सुई टोचणाऱ्या गावातल्या डॉक्टरला हे ठाऊक नसेल तर? ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या प्लेटलेटचे उरलेसुरले कामही बिघडवतात, आणि अशा गोळ्या आपल्याकडे किराणा दुकानातही मिळतात. तीव्र डोकेदुखी, उलट्या, ग्लानी, काळी शौचास होणे, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठायचे असते. हे रुग्णाच्या मैत्रिणीला, शिक्षकांना, शेजाऱ्यांना ठाऊकच नसेल तर ती भर वर्गात कोसळली असता कोण काय करणार?

अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी गेल्या शतकात कुष्ठरुग्णांसाठी आपले आयुष्य वेचले. समाज ज्या व्याधीचे नावही घेत नसे, तिच्याशी त्यांनी उघड नाते जोडले. त्या वऱ्हाडात प्लेटलेटच्या आजाराचे नाव घ्यायला आपण कचरावे, हे शोभत नाही.

दुसरा त्रास हितचिंतकांचा. भेटायला येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन येई. कोणी डाळिंब, कोणी गव्हांकुराचा रस, कोणी पुण्याच्या वैद्याचा पत्ता. सकस आहार चांगलाच, पण प्रतिकारशक्तीची ही चूक कोणत्याही एका फळाने सुधारते असा पुरावा नाही. नवरात्रात तिने नऊ दिवसांचे उपवास करावेत, असाही आग्रह झाला. रिकाम्या पोटी स्टिरॉइडची गोळी पोटाला कशी जाळते, याचा विचार कोणी केला नाही. शेवटी ती एकदा मला म्हणाली, ‘‘काका, आजकाल मला कोणी ‘कशी आहेस?’ असे विचारतच नाही. सगळे विचारतात, ‘किती आहेत?’ ’’

मी निरुत्तर झालो. कारण आदल्याच दिवशी मीही तेच विचारले होते.

एका सकाळीचे नव्हे

तेव्हा मला डॉक्टरांचे ते वाक्य आठवले. रक्त देणे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. ते पुण्यकर्मच आहे, आणि ते चालूच राहिले पाहिजे. रक्तपेढीत प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. कर्करोगाच्या रुग्णांना त्यांची नित्य गरज भासते. पण रक्तदान एका सकाळचे असते, त्याला टाळ्या मिळतात, त्याचे छायाचित्र निघते. वर्षभर दर पंधरवड्याला एखाद्या मुलीसोबत बाळापूरहून अकोल्याला जाणे, तपासणीच्या रांगेत तिच्या वडिलांची जागा धरणे, सर्व कागद तारीखवार एका फाइलमध्ये लावणे, रक्तविकारतज्ज्ञाला दाखवण्यासाठी अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या नागपूरला जायचे ठरले तर तेथे एका रात्रीची सोय करणे, आणि एवढे करून सल्ला न देणे, याला टाळ्या नाहीत. सेवेची खरी परीक्षा मात्र येथेच आहे.

हे काही आपल्याला नवे नाही. वऱ्हाडचेच सुपुत्र संत गाडगेबाबा यांनी धर्मशाळा उभारल्या, त्या परक्या गावी निराधार होणाऱ्या माणसाची व्यथा ओळखून. त्यांच्या नावाच्या दादर येथील धर्मशाळेत आजही कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग आसरा घेतात. परळमधील नाना पालकर स्मृती समिती तेच काम कित्येक दशके करीत आहे. औषध डॉक्टर देतील. पण आजारी माणसाचे घर कोलमडू नये, हे समाजाने पाहायचे असते.

आमच्या गावातील रक्तदात्यांची यादी असलेल्या वहीत आम्ही आता एक नवे पान जोडले आहे. त्यावर रक्तगट नाहीत. कोण कोणत्या वारी मोकळा आहे, कोणाकडे चारचाकी आहे, अकोल्यात वा नागपुरात कोणाचे घर आहे, एवढेच त्यावर लिहिले आहे. पहिल्या आठवड्यात अकरा नावे आली. त्यांत रुग्णालयाच्या दारातून परत गेलेले तरुण आहेत, आणि पाच गृहिणीही आहेत. कारण काही गोष्टी मुलीने मावशीलाच सांगायच्या असतात. प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एक पान सहज होऊ शकेल.

ती मुलगी आता पुन्हा कॉलेजला जाते. दुचाकीवर बसताना हेल्मेट घालते. तिच्या पर्समध्ये आजाराचे नाव, डॉक्टरांचा क्रमांक आणि टाळायच्या औषधांची चिठ्ठी असते. परवा ती बसथांब्यावर भेटली. मी विचारले, ‘‘कशी आहेस?’’ हसून म्हणाली, ‘‘परीक्षा जवळ आली आहे काका, अभ्यास मुळीच झालेला नाही.’’

तिच्या प्लेटलेट किती आहेत, हे मी विचारले नाही.