आधी कान, मग माइक

महाराष्ट्रातल्या मुलांची माध्यमांच्या भाषेशी पहिली शिस्तशीर ओळख मराठीच्या तासाला होते. दहावीच्या ‘कुमारभारती’त बातमी आणि जाहिरात लिहायला शिकवतात. अकरावीच्या ‘युवकभारती’तील उपयोजित मराठीत सूत्रसंचालन, रेडिओजॉकी आणि अनुदिनी लेखन येते, बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. माध्यमशिक्षणाची सुरुवात करायला हा ऐवज भरपूर आहे. मात्र परीक्षा लेखी असल्याने मुलाखत कशी घ्यावी यावर विद्यार्थी पानभर उत्तर लिहितो आणि एकाही माणसाला प्रश्न न विचारता त्याचे गुण मिळवतो. निवेदकाची कौशल्ये मुद्द्यांनिशी पाठ होतात, निवेदन होत नाही. दुसरे टोक सुट्टीतल्या अनेक कार्यशाळांत दिसते. तिथे पहिल्याच दिवशी कॅमेरा हाती येतो, संपादनाचे सॉफ्टवेअर शिकवले जाते आणि कोणाचे ऐकायचे, काय सांगायचे हा प्रश्न मागे पडतो. दोन्हीकडे सुटते ती ऐकण्याची पायरी. माध्यमनिर्मिती शिकवायची तर ऐकणे, विचारणे, ध्वनिमुद्रण, संपादन आणि प्रसारण असाच क्रम लावला पाहिजे, आणि पहिल्या पायरीला सर्वांत जास्त वेळ दिला पाहिजे.

शाळेने स्वतःचे माध्यम चालवण्याची कल्पना जुनी आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. त्याच दशकात फ्रान्समधील बार-सूर-लू या गावच्या शाळेत सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने 1924 मध्ये वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुले स्वतःच्या अनुभवावर लिहीत, स्वतः खिळे जुळवत आणि छापलेली पाने दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवत. तिकडून मुलांची उत्तरे येत. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक यांनी 1926 मध्ये वॉर्सात ‘माली पशेग्लाँड’ हे मुलांनी लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. एका दैनिकाची पुरवणी म्हणून ते दर शुक्रवारी निघे. 1 सप्टेंबर 1939 रोजी, पोलंडवर हल्ला झाला त्या दिवशी, त्याचा शेवटचा अंक निघाला. या प्रयोगांमागचे शिक्षणतत्त्व एकच आहे. वही तपासणाऱ्या शिक्षकापलीकडचा खरा वाचक समोर असला की मुले नेमके लिहितात, चूक राहू नये म्हणून धडपडतात आणि लिहिलेल्याची जबाबदारी घेतात. छापयंत्राच्या जागी आज मोबाइल आला आहे, तत्त्व तेच राहते.

ऐकण्याच्या सरावाला यंत्र लागत नाही. मधल्या सुट्टीनंतर वर्गाने दोन मिनिटे डोळे मिटून बसावे आणि कानावर आलेला प्रत्येक आवाज लिहून काढावा. मग त्या यादीतून जागा ओळखता येईल असे आवाज, वेळ ओळखता येईल असे आवाज आणि कशाचाच पत्ता न देणारे आवाज वेगळे करावेत. पुढे हीच निवड ध्वनिचित्र रचताना कामी येते. दुसरा सराव जोडीचा. एकाने आपल्या घरातला एखादा प्रसंग तीन मिनिटे सांगायचा, दुसऱ्याने मध्ये न बोलता, टिपण न घेता ऐकायचा आणि तो वर्गापुढे सांगायचा. मूळ सांगणाऱ्याने मग काय गळले आणि काय पदरचे घातले गेले ते सांगायचे. इथे मुलांना प्रथमच कळते की माणूस ऐकताना भर घालतो, आणि भर घातलेली त्याला स्वतःला कळत नाही. अफवा कशी पसरते यावर व्याख्यान देण्यापेक्षा हा अर्धा तास अधिक शिकवतो.

यानंतर प्रश्न विचारण्याचा धडा. आठवीचा एक गट आठवडी बाजारात कल्हईवाल्याची मुलाखत घ्यायला निघाला आहे, असे धरू. मुलांच्या पहिल्या यादीत हमखास असे प्रश्न असतात : “काका, तुम्हाला हे काम आवडतं का?” “या कामात खूप कष्ट असतात ना?” पहिल्याचे उत्तर ‘हो’, दुसऱ्याचेही ‘हो’, मुलाखत तिथेच आटोपते. शिक्षकाने यादी खोडू नये, प्रश्न बदलायला लावावेत. “काका, तुम्ही पहिल्यांदा भांड्याला कल्हई केलीत, तो दिवस सांगा ना.” “कथील नीट बसलं नाही हे कशावरून कळतं?” “नवसागर टाकल्यावर धूर होतो, तेव्हा तुम्ही काय करता?” असे प्रश्न विचारायचे तर कामाची आधी माहिती हवी : भट्टी, भाता, तापवलेले भांडे, नवसागराची पूड, कथलाची कांडी, कापसाचा बोळा. म्हणजे मुलाखतीआधी एकदा रिकाम्या हाती जाऊन नुसते पाहून येणे आले; हा पहिला नियम. दुसरा नियम, एका वेळी एकच प्रश्न. तिसरा, उत्तर संपल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहणे. पुष्कळदा माणूस सर्वांत मोलाचे वाक्य या थांब्यानंतर बोलतो. चौथा, पुढचा प्रश्न यादीतून न घेता मिळालेल्या उत्तरातून घेणे. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागातील एका शाळेत 1966 मध्ये सुरू झालेले ‘फॉक्सफायर’ हे विद्यार्थ्यांचे नियतकालिक अशाच मुलाखतींवर उभे राहिले. मुलांनी परिसरातल्या वृद्धांकडून ओंडक्यांची घरे बांधण्यापासून अनेक कसबांची माहिती मिळवली आणि 1972 पासून तिची पुस्तके झाली. कल्हई, घोंगडी विणणे, रहाटावर दोर वळणे, विहीर खोदणे अशा कामांची माहिती मराठी मुलखात अजून माणसांच्या तोंडी आहे; ती नोंदवायला आठवी-नववीच्या मुलांइतके उत्सुक कार्यकर्ते मिळणार नाहीत.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र थोडक्यात शिकवता येते, पण काटेकोर शिकवावे लागते. साधा मोबाइल पुरतो. तो विमान मोडवर ठेवावा, म्हणजे फोन मध्ये येत नाही. माइकची बाजू बोलणाऱ्याच्या तोंडापासून सुमारे एक वीत आणि किंचित तिरकी धरावी. अगदी समोर धरली तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. खोलीत पंखा बंद ठेवावा. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, म्हणून भिंतीवर व बाकावर सतरंज्या किंवा गोधड्या टाकाव्यात. एका मुलाने हेडफोन लावून सतत ऐकत राहावे, कारण वाऱ्याची खरखर आणि कपड्याची सळसळ नुसत्या कानाला जाणवत नाही, यंत्राला जाणवते. मुलाखत झाली की त्याच जागी कोणी न बोलता अर्धे मिनिट नुसता परिसर मुद्रित करावा. संपादनात दोन तुकड्यांमधला सांधा याच आवाजाने झाकला जातो. कल्हईच्या कार्यक्रमात भात्याची घरघर, बोळ्याचे घासणे आणि गरम भांडे पाण्यात बुडवतानाचा चर्र आवाज स्वतंत्रपणे, पुरेसा वेळ मुद्रित केलेला हवा. हे आवाज हाती असतील तर निवेदनातली दहा वाक्ये वाचतात. दृश्यमाध्यम शिकवण्याआधी वर्षभर केवळ ध्वनीवर काम करावे, असे सुचवण्याचे कारण हेच आहे. चित्र नसले की मुलांना शब्द, विराम आणि आवाज यांच्याच बळावर ऐकणाऱ्याला जागेवर न्यावे लागते. साधने स्वस्त असतात, आणि कॅमेऱ्यासमोर बुजणारी माणसे मोबाइल बाजूला ठेवला की मोकळेपणी बोलतात.

संपादन हा या शिक्षणाचा नैतिक गाभा आहे. कल्हईवाले काका म्हणतात, “स्टील आलं तसं घरगुती काम गेलं, पण हॉटेलांची न् लग्नाच्या पंगतीची पातेली येतात, तेवढ्यावर बरं चाललंय.” ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘पण’च्या आधी कात्री चालवली तर करुण कहाणी तयार होते. सगळे शब्द त्यांचेच, तरी कार्यक्रम खोटा. वर्गात हे दोन्ही तुकडे लागोपाठ ऐकवावेत आणि निर्णय मुलांना करू द्यावा. एकदा स्वतःच्या हाताने असे खोटे घडताना पाहिले की मोबाइलवर येणाऱ्या अर्धवट चित्रफितीकडे पाहण्याची मुलांची नजर बदलते. अलीकडे यंत्राने हुबेहूब नक्कल केलेला आवाजही सहज तयार होतो. जिवंत माणसाच्या तोंडी यंत्राचा आवाज घालायचा नाही आणि इतरत्र वापरला तर तसे जाहीर करायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. लांबी कमी करण्यासाठी अडखळणे, पुनरुक्ती काढता येते. अर्थाला धक्का लागेल असे काहीही काढता येत नाही.

निवेदन लिहिताना पुस्तकी मराठी आड येते. कानासाठी लिहिलेले वाक्य एका श्वासात म्हणता आले पाहिजे. आकडे कमी आणि सोपे हवेत. नावाआधी ओळख यावी. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘खालीलप्रमाणे’ हे शब्द ऐकणाऱ्याला कुठेच नेत नाहीत. प्रत्येक मसुदा मोठ्याने वाचून घ्यावा आणि जीभ अडखळेल तिथे वाक्य बदलावे. बोलीच्या बाबतीत शिक्षकाने ठाम राहावे. मुलाखतीतली वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा आगरी जशीच्या तशी राहिली पाहिजे. अवघड वाटेल तिथे निवेदकाने आधी एका वाक्यात संदर्भ द्यावा. घरात बोली बोलणाऱ्या मुलांना निवेदनही बोलीत करायचे असेल तर करू द्यावे. आपली भाषा प्रसारणाच्या लायकीची आहे, हा विश्वास त्यांना शाळेतूनच मिळायला हवा.

कामाच्या वाटणीकडेही लक्ष लागते. मोकळे सोडले तर यंत्र मुलांकडे आणि निवेदन मुलींकडे जाते. बोलकी मुले माइक धरून ठेवतात आणि अबोल मुले सामान वाहतात. म्हणून मुलाखतकार, ध्वनिमुद्रक, संपादक, निवेदक आणि पडताळणी करणारा या पाच भूमिका दर कार्यक्रमाला बदलाव्यात. पडताळणी करणाऱ्याने कार्यक्रमातले प्रत्येक नावाची, सालाची आणि दाव्याची खात्री कोणाकडून केली ते वहीत लिहावे, आणि त्या वहीशिवाय कार्यक्रम प्रसारित होऊ नये.

प्रसारणाची सोय अनेकांना वाटते त्याहून जवळ आहे. शाळेचा ध्वनिक्षेपक, ग्रामसभेआधीची दहा मिनिटे, पालकसभा, गावचे वाचनालय ही सर्व प्रसारणाची ठिकाणे आहेत. त्यापुढे सामुदायिक रेडिओ आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला; त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. 2002 च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना केंद्र चालवण्याची वाट मोकळी केली आणि 2006 मध्ये ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि माणदेशातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ ही त्यातूनच उभी राहिलेली केंद्रे. अशा केंद्राची प्रसारणशक्ती साधारणपणे 100 वॅटपर्यंत मर्यादित असते, त्यामुळे आवाका काही किलोमीटरचा. आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट आहे. म्हणजे परिसरातल्या शाळांचे कार्यक्रम ही या केंद्रांचीही गरज आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या देता येतात. मुलांचे विषय निवडताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी. महाजालावर कार्यक्रम चढवणे ही शेवटची पायरी समजावी. तिथे श्रोता दिसत नाही, आणि एकदा चढवलेले पुरते मागे घेता येत नाही.

संमतीचे नियम याच टप्प्यावर सांगून भागत नाही, ते पहिल्या मुलाखतीआधी सांगावे लागतात. ध्वनिमुद्रण कशासाठी, ते कोण ऐकणार आणि नको वाटले तर कोणाला सांगायचे, हे बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगून त्याची संमती माइकवरच मुद्रित करावी. लहान मूल बोलणार असेल तर पालकांचीही संमती घ्यावी. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 74 आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 23 गुन्ह्याच्या किंवा लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतील बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई करतात. नाव वगळून शाळा, गल्ली किंवा नातेवाईक सांगितले तरी ओळख उघड होते. मुलाखतीत अत्याचाराचा उल्लेख आलाच तर मुलांनी पुढे प्रश्न विचारू नयेत, यंत्र थांबवून लगेच शिक्षकांना सांगावे, आणि शिक्षकांनी कायद्याने ठरवून दिलेली कार्यवाही करावी. पार्श्वसंगीतासाठी चित्रपटातले गाणे उचलणे टाळावे; गावातल्या वादकाचे किंवा वर्गातल्या मुलांचे वादन त्यांच्या परवानगीने वापरावे.

उरतो प्रश्न वेळेचा आणि गुणांचा. भाषाविषयांत 80 गुणांच्या लेखी परीक्षेला जोडून 20 गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. श्रवण आणि भाषण यांचे मूल्यमापन उताऱ्याच्या आधारे करण्याऐवजी वर्षात एका गटाने पाच मिनिटांचा एक कार्यक्रम पूर्ण केला, तर त्याच गुणांत ते अधिक प्रामाणिकपणे होईल. सहावी ते आठवीसाठी 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा दप्तरविरहित दिवस सुचवले आहेत. मुलाखती आणि ध्वनिमुद्रण त्या दिवसांत बसते. गुण देताना आवाजाचा गोडवा आणि तांत्रिक सफाई यांना थोडे, आणि प्रश्नांचा दर्जा, पडताळणीची वही, संपादनातला प्रामाणिकपणा व संमतीची नोंद यांना अधिक वजन द्यावे. शेवटचे परीक्षण ज्याची मुलाखत घेतली त्या माणसाकडून घ्यावे. तयार कार्यक्रम त्याला ऐकवावा आणि आपले म्हणणे नीट पोचले का, हे त्याला विचारावे. त्याचा होकार आल्यावरच कार्यक्रम प्रसारणाला द्यावा.