कोयत्याचं मत कुणाला?

१. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेश परिसरातल्या वाड्या-वस्त्यांवर घरांना कुलपं लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाचं पोतं, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि सगळ्यात वर लेकरं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायला हा ऊसतोडीचा प्रवास. नवरा-बायको मिळून एक कोयता. हा कोयता मराठ्याच्या हातात आहे, वंजाऱ्याच्या आहे, बंजारा-दलितांच्याही आहे. टनामागचा दर सगळ्यांना एकच.

२. मग मत एक का होत नाही? याच बीडने १९६७ साली सांगलीकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत पाठवलं, १९७७ ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडेंना. जात तेव्हाही होतीच. पण पोटाच्या प्रश्नावर इथे खासदार निवडून येत होता.

३. २०२४ च्या लोकसभेला इथे शरद पवारांच्या पक्षाचे बजरंग सोनवणे यांनी भाजपच्या पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. दोघांच्याही नावाशी साखर कारखाना जोडलेला. तरी प्रचारात चर्चा झाली ती मराठा की ओबीसी याचीच. कोयत्याचं नाव क्वचित निघालं.

४. म्हणून जातीचं राजकारण म्हणजे निव्वळ भूल, असं मात्र मी म्हणणार नाही. जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन गावोगाव पेटलं, त्यामागे वाटण्या होऊन उरलेली दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आणि पोराच्या कॉलेजची फी आहे. ओबीसींची धास्तीही त्याच मोजक्या नोकऱ्यांची. दुखणं पैशाचं आहे, बोललं जातं जातीच्या भाषेत. हे फक्त इथेच घडतं असं नाही. अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया हे कोळसा खाणींचं राज्य एके काळी डेमोक्रॅटिक पक्षाचा गड होतं; २००० पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत ते रिपब्लिकन पक्षाकडे गेलं. तिथे खाणी बंद पडण्याच्या भीतीला धर्म, बंदूक, गर्भपात हे विषय येऊन मिळाले.

५. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कोणत्या जातीच्या होत्या त्या? सगळ्याच.

६. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. संघटनांचा रेटा होता, म्हणून शरद पवार आणि पंकजा मुंडे एका टेबलावर बसले. चार महिन्यांनी याच दोघांचे पक्ष मतांसाठी समोरासमोर उभे होते. दरवाढ मात्र सगळ्या कोयत्यांना मिळाली.

७. तेव्हा मत मागायला कुणी दारात आलं, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा: उचलीचा हिशेब आम्हाला लेखी मिळणार का? फडात बाई आजारी पडली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? आणि आम्ही सहा महिने गावाबाहेर असताना लेकरांच्या वसतिगृहाची सोय कोण करणार?