मार्कर थरथरतोय? आधी खोली तपासा, फिल्टर नंतर

माणूस स्थिर उभा, पण स्क्रीनवर गुडघ्यावरचा मार्कर थरथरतो. अशा वेळी मोशन कॅप्चरमध्ये लगेच ‘स्मूथिंग’ वाढवले जाते. हे दुखणे दाबणे झाले.

कारण अनेकदा खोलीतच असते: खिडकीतले ऊन, चकाकणारी फरशी, मळलेला मार्कर, जुने कॅलिब्रेशन. खारघरमध्ये २०२३ पासून मेट्रो धावते. अशा मार्गालगत हलत्या ट्रायपॉडपेक्षा भिंतीला घट्ट बसवलेले कॅमेरे बरे.

एक मार्कर जमिनीवर ठेवा. तोही थरथरला, तर सेटअप तपासा. स्थिर राहिला, तर अंगावरचा मार्कर सैल आहे का, पुरेशा कॅमेऱ्यांना दिसतो का, ते पाहा.

अॅनिमेशनमध्ये गुळगुळीतपणा खपतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या शस्त्रक्रियेचा विचार मात्र चालीच्या मोजमापावरूनही होतो. तिथे फिल्टर खरी हालचालही पुसू शकतो. म्हणून तो शेवटीच वापरावा.